नवी पट्टी, जुना टप

घरातल्या कुकरचे रबर बदलले की पहिल्या दिवशी काय होते, ते आठवते का? आई झाकण लावायला जाते आणि झाकण फिरता फिरत नाही. दुकानदाराने भलत्याच मापाचे रबर दिले, अशी तिला शंका येते. मग रबर पाण्यात बुडवून पुन्हा बसवले जाते, कोणीतरी वरून तळहाताने दाबून धरतो, आणि झाकण एकदाचे लागते. आठ-दहा दिवसांनी तेच झाकण सहज फिरू लागते. पुढे वर्ष-दीड वर्षाने मात्र कडेने वाफ फुसफुसू लागते, शिटी होत नाही, आणि पुन्हा नवे रबर आणावे लागते.

आता गंमत पाहा. कुकर तोच, झाकण तेच, रबराचे मापही तेच. तरी नवे रबर बसत नाही, मुरलेले रबर उत्तम बसते आणि जुने रबर निकामी ठरते. असे का व्हावे?

हेच कोडे जगातल्या काही मोटारवाल्यांपुढे मोठ्या आकारात उभे राहते. त्यांच्या बाबतीत झाकण म्हणजे गाडीचा टप असतो! टपाभोवतीची रबरी पट्टी जुनी झाली म्हणून ते नवी बसवतात आणि मग टप जागेवर बसायलाच तयार होत नाही. कुकरचे झाकण नीट लागले नाही तर फार तर भात कच्चा राहील. टप नीट लागला नाही तर काय होईल, ते पुढे पाहूच.

पण मोटारीचा टप सुटा कशासाठी असेल, असे तुम्ही विचाराल. युरोप-अमेरिकेत थंडी लांबलचक असते. ऊन पडले की ते अंगावर घ्यावेसे वाटते. कापडी छपराच्या गाड्या त्यासाठी पूर्वीपासून होत्या. परंतु कापड फाटते, फडफडते, आणि गाडी उलटली तर आतल्या माणसांचे रक्षण करीत नाही. तेव्हा समोरच्या काचेची चौकट आणि मागची भक्कम कमान या दोन्ही पक्क्या ठेवाव्यात आणि त्यांच्यामधला टपाचा तुकडा तेवढा उचलून काढता यावा, अशी युक्ती निघाली. गॉर्डन ब्यूरिग या अमेरिकी मोटार-रचनाकाराने मध्ये एक दांडा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन सुटी झाकणे अशा टपाचे पेटंट १९५१ साली मिळवले. ब्रिटनच्या ट्रायम्फ टीआर-४ या गाडीला १९६१ साली मधला तुकडा काढता येणारा टप मिळाला. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९६५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आपली ९११ टार्गा मांडली. सिसिली बेटावरच्या ‘टार्गा फ्लोरिओ’ या मोटारशर्यतीवरून तिने हे नाव घेतले होते, आणि पुढे अशा टपाला सगळे ‘टार्गा’ टपच म्हणू लागले. १९६८ च्या कॉर्व्हेटला ब्यूरिगच्या कल्पनेतला दोन झाकणांचा टप होता. १९७२ साली आलेल्या इटलीच्या फियाट एक्स-१/९ या छोट्या गाडीत तर काढलेला टप पुढच्या झाकणाखाली सामानासारखा ठेवून देता येई.

आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने धूळ. टप काढून हिंडण्याची हौस इथे फारशी परवडत नाही. पण टप आणि गाडी यांच्यामधली ती बोटभर जाडीची रबरी पट्टी जे काम करते, ते तुमच्या घरातल्या कुकरपासून अवकाशयानापर्यंत सगळीकडे चालते.

पहिला प्रश्न असा की, पट्टी हवीच कशाला? टप आणि चौकट अगदी अचूक घडवून एकमेकांवर चपखल बसवता येणार नाहीत का? येतीलही, पण गाडी उभी असेल तोवरच. बुटांचे रिकामे खोके घ्या. झाकण लावून, दोन टोके दोन हातांत धरून ते पिळून पाहा. ते बरेच ताठ लागेल. आता झाकण काढून पिळा. खोके सहज वेडेवाकडे होते! टप काढलेली गाडी ही अशीच झाकण नसलेली पेटी असते. तिची खालची चौकट मुद्दाम जाड करतात, तरी खड्ड्यात एक चाक गेले की सगळा सांगाडा किंचित पिळवटतो. त्यामुळे टप आणि चौकट यांच्यामधली फट क्षणाक्षणाला कमीजास्त होत राहते. पत्र्याला पत्रा भिडवून ही बदलती फट बंद करता येणार नाही. तिथे असे काहीतरी हवे, की जे फट रुंदावली तर फुगेल आणि अरुंद झाली तर दबेल.

म्हणजेच तिथे एक स्प्रिंग हवी! रबरी पट्टी हा टपाभोवती ठेवलेला बोळा नव्हे, ती चार मीटर लांबीची एक स्प्रिंग आहे, ही गोष्ट पक्की ध्यानात धरा. ती चिकटून पाणी अडवत नाही, ती ढकलून अडवते. दाबल्याशिवाय ती ढकलणार नाही, आणि ढकलल्याशिवाय पाणी अडणार नाही.

किती जोराने ढकलायला हवे? थोडे गणित करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर काटते. या वेगाने आदळणारा वारा समोर अडला, तर दर चौरस मीटरवर सुमारे ४६० न्यूटन दाब देतो. हा दाब पाण्याचा जवळजवळ ४७ मिलिमीटर उंचीचा स्तंभ उचलून धरू शकतो. म्हणजे पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीच्या सांध्यात वारा पाण्याला चार-पाच सेंटिमीटर चढसुद्धा चढवील. पाणी नेहमी खालीच वाहते, या भरवशावर बसलेल्या मालकाच्या मांडीवर मग थेंब पडतो तो असा.

आता रबराकडे वळू. झाडाच्या चिकापासून केलेले कच्चे रबर फारसे उपयोगाचे नसते. ते उन्हाळ्यात चिकट होते आणि कडक थंडीत ठिसूळ. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर या धडपड्या माणसाच्या हातून गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीवर पडला. तो वितळला नाही, चामड्यासारखा चिवट झाला. यालाच पुढे व्हल्कनायझेशन हे नाव मिळाले, आणि १८४४ साली गुडइयरला त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्यात होते काय? रबराचे रेणू म्हणजे शेवयांसारख्या लांबलचक साखळ्या. त्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून कच्च्या रबराला आपला आकार आठवत नाही. गंधकाचे अणू या साखळ्यांमध्ये ठिकठिकाणी पूल बांधतात. पूल झाले की साखळ्या वाकतात, ताणल्या जातात, पण सुटल्यावर पुन्हा आपल्या जागी येतात. गंधक थोडे घातले तर लवचिक रबर मिळते. शेकडा तीसच्या आसपास घातले तर पूल इतके होतात, की रबर लाकडासारखे कठीण बनते. हेच एबोनाइट, आजोबांचे जुने फाउंटनपेन बहुधा याचेच असेल.

पट्टी म्हातारी होते म्हणजे या पुलांची व्यवस्था बिघडते. टप वर्षानुवर्षे लावलेला असतो आणि पट्टी सतत दबलेली. उन्हात तापलेल्या टपाखाली काही पूल तुटतात आणि काही नवे बांधले जातात. पण हे नवे पूल दबलेल्या अवस्थेत बांधले जातात! हळूहळू रबराला तो दबलेला आकारच आपला खरा आकार वाटू लागतो. समजा, १० मिलिमीटर जाडीची पट्टी टपाखाली ७ मिलिमीटरपर्यंत दबते. नवी असताना टप काढला की ती पुन्हा १० ची होई. काही वर्षांनी टप काढला तर ती ७.५ च भरते. दबलेल्या ३ मिलिमीटरपैकी २.५ मिलिमीटर ती कायमची विसरली. शेकडा त्र्याऐंशी! रबराच्या प्रयोगशाळेत हीच विस्मृती मोजतात. नमुना पाव जाडीने दाबून गरम भट्टीत २२ किंवा ७० तास ठेवायचा, सोडायचा, आणि अर्ध्या तासाने जाडी मोजायची. आकडा जितका कमी, तितके रबर चांगले.

दुसरा शत्रू हवेतच असतो, तो म्हणजे ओझोन. नैसर्गिक रबराच्या साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका त्यांवर घाव घालतो. त्यातही रबर ताणलेले असेल तर अधिकच. बरणीच्या तोंडाला ताणून बसवलेले रबरबँड काही आठवडे खिडकीत ठेवून पाहा, आणि तसलेच एक शेजारी मोकळे ठेवा. भेगा आधी कुठे पडतात ते दिसेल. म्हणून आजकाल मोटारींच्या पट्ट्या बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या करतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात. जे थोडे असतात ते बाजूच्या फांद्यांवर. ओझोनने फांदी तोडली तरी खोड शाबूत राहते.

जुनी पट्टी अशी दमली की ती काढून नवी लावायची. हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि पुढे टप बसेल की नाही हे निम्मे इथेच ठरते. खाचेतला जुना गोंद आणि वाळलेल्या रबराच्या खपल्या पूर्ण खरवडून काढाव्या लागतात. एक मिलिमीटर खपली राहिली, तर पट्टी तिथे एक मिलिमीटर उंच झाली. नवी पट्टी आधी गोंदाशिवाय बसवून पाहावी. तिचे कोपरे कारखान्यात साच्यातून काढलेले असतात. ते आधी कोपऱ्यात बसवावेत आणि मग सरळ बाजू. पट्टी ताणून बसवण्याचा मोह फार होतो, कारण ताणली की ती छान सरळ दिसते. पण ताणलेले रबर पुढे आखडते, आणि थोड्याच दिवसांत कोपऱ्याशी फट पडते. पाणी नेमके कोपऱ्यांतून गळते, याचे एक कारण हेच. उलट ती किंचित ढकलत, ‘खाऊ घालत’ बसवावी.

पट्टीच्या पोटात पाहाल तर ती नळीसारखी पोकळ असते आणि तिला मधूनमधून बारीक भोके असतात. ही भोके म्हणजे दोष नव्हे. टप दाबताना नळीतली हवा त्यांतून निसटते. गोंद लावताना भोके बुजली, तर आतली हवा कोंडते आणि पट्टीची हवा भरलेली सायकलची ट्यूब होते. मग टप कितीही दाबा, तो उसळी घेणारच.

सगळे नीट झाले, गोंद वाळला, आणि दोघांनी मिळून टप उचलून ठेवला. टप चौकटीपासून बोटभर वर तरंगतो आहे. खटके पोचत नाहीत, बोल्टचे आटे लागत नाहीत. मालक कपाळाला हात लावतो, “पट्टी चुकीची आली!”

पट्टी बहुधा बरोबरच असते. पुन्हा गणित करू. समजा, जुनी दमलेली पट्टी योग्य जाडीपर्यंत दाबायला दर १० सेंटिमीटर लांबीला १०० ग्रॅम भार पुरे होत होता आणि नव्या पट्टीला ५०० ग्रॅम लागतो. फरक क्षुल्लक वाटतो ना? पण पट्टी चार मीटर आहे. म्हणजे दहा-दहा सेंटिमीटरचे चाळीस तुकडे. जुन्या पट्टीला एकूण ४ किलो भार लागे, नवीला २० किलो लागतो. टपाचे स्वतःचे वजन समजा १० किलो. जुन्या पट्टीवर तो नुसता ठेवला तरी आपल्या वजनानेच खाली बसे. नव्या पट्टीवर तो अर्ध्यावर थांबतो. इतकी वर्षे मालकाला सवय होती ती मेलेल्या स्प्रिंगची!

आणखी एक भानगड आहे. पोकळ पट्टीची स्प्रिंग सरळ रेषेत चालत नाही. नळी आधी सहज चेपते. पण वरची भिंत खालच्या भिंतीला टेकली की पुढे केवळ भरीव रबर दाबायचे राहते, आणि भरीव रबर दबता दबत नाही. त्यामुळे फट दोन मिलिमीटरने कमी असली, तर लागणारा जोर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

इथे बहुतेक जण एक चूक करतात, आणि ती अगदी मनुष्यस्वभावाला धरून आहे. जो खटका जवळ दिसतो, तो ते जोर लावून बंद करतात. खटका म्हणजे तरफ. हाताचा १० किलोचा जोर तिच्या दुसऱ्या टोकाला १०० किलोचा होऊ शकतो. तो कोपरा एकदम खाली जातो, तिथली पट्टी चिरडते, आणि समोरचा कोपरा वर उचलला जातो. एक पाय आखूड असलेल्या बाजेवर बसलात तर काय होते, तसेच हे. मग उचललेला कोपरा कोणीतरी गुडघ्याने दाबतो. टप काचतंतूच्या पत्र्याचा, काचेचा किंवा प्लास्टिकचा असतो. पिळ सहन झाला नाही की तो तडकतो. नव्या पट्टीच्या खर्चात टपाचा खर्च वाढतो तो असा.

मग काय करायचे? जोर कमी लावायचा नाही, जोर वाटून लावायचा. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर चढवलेली किंवा एक चाक दगडावर असलेली गाडी पिळलेली असते. त्या खोक्याची आठवण ठेवा. टप दोघांनी दोन बाजूंनी सरळ खाली ठेवावा, सरकवत नेऊ नये. सरकवला की नव्या पट्टीची ओठासारखी कड आतल्या बाजूला मुडपते आणि ती पुढे तशीच राहते. पट्टीवर साबणाचे पाणी किंवा सिलिकोनचे वंगण अगदी थोडे लावले, तर कड मोकळेपणी आपली जागा घेते. इंजिनाचे तेल किंवा ग्रीस मात्र लावू नये. ईपीडीएमला खनिज तेल मानवत नाही, ते फुगून मऊ पडते. मागच्या बाजूच्या खुंट्या खोबणीत गेल्या की सगळे बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे लावून घ्यावेत. पान्हा नंतर. मग एक बोल्ट अर्धा फेरा, त्याच्या तिरक्या समोरचा अर्धा फेरा, पुन्हा पहिल्या बाजूचा दुसरा, असे आळीपाळीने आवळत जावे. मोटारीचे चाक बसवताना मेकॅनिक नट याच क्रमाने आवळतो, हे तुम्ही पाहिले असेल. बोल्टऐवजी खटके असतील, तर त्यांची पकड पुढेमागे करण्याचा स्क्रू असतो. नवी पट्टी असताना तो एक-दोन फेरे सैल करून ठेवतात.

एवढे करून टप जेमतेम लागला, तर तो रात्रभर तसाच राहू द्यावा. शक्य असेल तर दिवसा उन्हात. अनुभवी कारागीर हे सांगतात तेव्हा ती टाळाटाळ वाटते, पण त्यात पक्के विज्ञान आहे. दाबून धरलेल्या रबराचा उलटा जोर वेळेबरोबर उतरत जातो. मात्र दर तासाला सारखा नव्हे. पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जेवढा जोर उतरतो, साधारण तेवढाच दहाव्यापासून शंभराव्या मिनिटापर्यंत उतरतो, आणि तेवढाच शंभरापासून हजारापर्यंत. हजार मिनिटे म्हणजे सतरा तासांच्या आत. त्यानंतर तेवढाच जोर उतरायला आठवडा लागेल! म्हणून पहिली रात्र महत्त्वाची. कुकरचे झाकण आठ-दहा दिवसांत ‘वळणावर’ येते त्यामागे हेच आहे. तिथे वाफेची उष्णता या कामाला आणखी हातभार लावते.

आता त्या न बसलेल्या टपाचे काय होईल, ते पाहू. गाडी धावते तेव्हा हवा टपाच्या फुगवट्यावरून वळून जाते आणि टपावरचा हवेचा दाब कमी होतो. आतली हवा मात्र जवळजवळ नेहमीच्याच दाबाची असते. त्यामुळे टप वर खेचला जातो. एक मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर लांब टप घेऊ. मघाच्या वाऱ्याच्या दाबाच्या निम्मी जरी ओढ धरली, तरी ताशी १०० किलोमीटरला ती सुमारे १८० न्यूटन, म्हणजे १८-१९ किलो भाराइतकी होते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. ताशी १४० लाच ती जवळजवळ दुप्पट होते. त्यात पट्टीचा वरचा रेटा मिळवा, तो २० किलोंचा. टपाचे वजन १० किलो वजा करा. उरलेले २८-२९ किलो फक्त खटक्यांनी आणि बोल्टांनी धरून ठेवायचे असतात. पट्टी पाणी अडवते, पण टप धरत नाही. उलट ती रात्रंदिवस त्याला उचलत असते.

हे ओझे भक्कम बोल्टला काहीच नाही. पण ताठ नव्या पट्टीमुळे एखादा खटका अर्धाच लागला असेल, बाहेरून लागल्यासारखा दिसत असेल, तर? शहरात ताशी ३० ने काही होणार नाही. हमरस्त्यावर, शेजारून मालट्रक जाताना, एका खड्ड्याच्या धक्क्यासरशी तो सुटेल, आणि दहा किलोंचा पत्रा मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जाईल. वाऱ्याची ही ओढ काल्पनिक नाही. २००५ आणि २००६ या सालांच्या काही कॉर्व्हेट गाड्या टपाच्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. तिथे दोष पट्टीचा नव्हता. टपाचा वरचा पत्रा आणि त्याची चौकट यांना जोडणारा गोंद सुटत होता. पण पत्र्याला उचलणारी हवा हीच. म्हणून टप बसवल्यावर प्रत्येक खटका डोळ्यांनी पाहावा, हाताने ओढून पाहावा, आधी जवळच सावकाश एक फेरी मारावी, आणि थांबून बोल्ट पुन्हा तपासावेत. रबराचा रेटा उतरला की बोल्टवरचा ताणही उतरतो, आणि मघाशी घट्ट वाटलेला बोल्ट अर्धा फेरा सहज घेतो.

पट्टी सगळीकडे सारखी दबली आहे की नाही, हे पाहायला उपकरण लागत नाही. कागदाची लांब चिंधी टपाखाली ठेवून टप लावावा आणि चिंधी ओढून पाहावी. सगळीकडे सारखी अडत ओढली गेली, तर ठीक. कुठे सळकन निघाली, तर तिथे फट. कुठे फाटली, तर तिथे दाब जास्त. किंवा पट्टीवर खडूची पूड चोळून टप लावावा आणि काढावा. टपाच्या आतल्या कडेवर न तुटलेली पांढरी रेघ उमटली पाहिजे. मगच पाणी. एकाने आत विजेरी घेऊन बसावे, दुसऱ्याने झारीने आधी खालच्या सांध्यांवर आणि मग वर वर पाणी सोडत जावे. एकदम वरून ओतले, तर पाणी कुठून आले ते कळणारच नाही. गाडी तयार करणाऱ्यांचाही पट्टीवर पूर्ण भरवसा नसतो, म्हणून पट्टीच्या आत पन्हळ आणि त्याला निचऱ्याच्या नळ्या ठेवतात. अनेकदा पट्टी निर्दोष असते आणि वाळक्या पानाने ही नळी तुंबलेली असते. कौलारू घरात राहिलेल्यांना हे सांगायला नको!

उन्हात बसवा, असे मघाशी म्हटले, त्याचे आणखी एक कारण आहे. थंडीत रबराच्या साखळ्यांची हालचाल मंदावते. रबर ताठ होते आणि दाबून सोडल्यावर सावकाश परत येते. फट उघडल्याबरोबर तिच्यामागे धावणे हेच तर पट्टीचे काम. ती उशिरा आली, तर नसल्यासारखीच. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडात गोठवणारी रात्र सरल्यावर सकाळी चॅलेंजर हे अवकाशयान उडाले आणि ७३ सेकंदांत नष्ट झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच्या अग्निबाणाच्या सांध्यात रबराची गोल कडी होती. प्रज्वलनाच्या वेळी सांधा किंचित उघडला आणि थंडीने आळसावलेली कडी त्याच्यामागे वेळेवर गेली नाही. रिचर्ड फाइनमन या भौतिकीच्या शास्त्रज्ञाने ११ फेब्रुवारी १९८६ रोजी चौकशी-समितीसमोर या रबराचा तुकडा शिकंजात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून शिकंजा सैल केला, आणि रबर लगेच फुगून येत नाही हे सगळ्यांना दाखवले. एवढा साधा प्रयोग!

तसलाच एक तुम्हालाही करता येईल. पुढच्या वेळी कुकरचे रबर बदलाल, तेव्हा जुने फेकू नका. जुन्या आणि नव्या रबराची जाडी चार-चार ठिकाणी मोजा. मग प्रत्येक रबर दोन सपाट पाटांमध्ये ठेवा, वरच्या पाटावर एक-एक करीत पाच किलोंपर्यंत वजने चढवा आणि दर वेळी पाटांमधले अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. वजने उतरवताना पुन्हा मोजा. आलेखावर दोन्ही रबरांच्या रेषा काढा. चढतानाची आणि उतरतानाची रेष एकच येते का तेही पाहा, आणि नव्या रबराचा हाच प्रयोग एकदा ते तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवून करा. फक्त आईला संध्याकाळचा भात लावायचा असेल, त्याच्या आत नवे रबर कोमट पाण्याने धुऊन परत द्या.